धुराचा दाखला

वडनेरजवळ हायवेवर कैलासची पीयूसीची व्हॅन बारा वर्षांपासून उभी असते. सायलेन्सरमध्ये नळी घालायचा त्याला भारी कंटाळा. नंबर प्लेटचा फोटो काढला की काळाकुट्ट धूर ओकणारा ट्रकही पास.

परवा अचानक त्याच्या किडन्यांनीच हात टेकले. दारू नाही, शुगर नाही, कसल्या गोळ्या नाहीत. डॉक्टर कोड्यात पडले. "तुम्ही बसता तिथे गाड्यांचा धूर फार असतो का? त्यातल्या नायट्रोजन ऑक्साइडनं किडनीलाही इजा होण्याचा धोका वाढतो."

कैलासनं तोंड उघडलं, तेवढ्यात उशाशी बसलेली त्याची बायको नलू मोठ्या अभिमानानं बोलली,

 

"नाई जी डॉक्टरसाहेब, तिथं धूर असन कसा? एकेक गाडी हे सोता तपासूनच सोडतेत."