कोपरापर्यंतची जाळी

"हीसुद्धा नको," मुलगी म्हणाली आणि तिने सातवी जाळी डोक्यावरून उतरवली.

उतरवताना डोळे मिटून तिने जाळीची कड बोटांत चुरली, गालावरून फिरवली, मग बाजूला ठेवली. समोर भिंतभर आरसा होता. त्याच्याकडे तिने अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

मावशींनी जाळीची घडी घातली. चर्चमधल्या लग्नांसाठी नवरीच्या डोक्यावरच्या झिरझिरीत जाळ्या शिवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. दुकानात येणारी प्रत्येक नवरी त्यांना मावशीच म्हणायची.

"तुम्ही मनावर घेऊ नका हो," खुर्चीत ऐसपैस बसलेली मुलीची आत्या म्हणाली. "कुठलीही द्या. नवऱ्या मुलाला काय, काहीही चालेल."

"नाही चालणार," मुलगी पुटपुटली.

"ऐकलंत? दोन वर्षं घरात नुसती रडारड. ही जेवायची नाही, हिचा बाप बोलायचा नाही. आता कुठे सगळं मार्गी लागलंय, तर बाईसाहेब जाळीवरून अडून बसल्यात!"

मावशींनी हातातली घडी खाली ठेवली.

बारा वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच आरशात न बघता उभी होती. मावशींना सगळं दिसत होतं, पण त्यांनी मान खाली घालून शिवण पुरी केली. वर्षभरात ती मुलगी तीच जाळी विकायला घेऊन आली. तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. त्या दिवसापासून मावशींनी देवापाशी एक नेम धरला. नवरीच्या चेहऱ्यावर मनापासूनचं हसू दिसेपर्यंत जाळीची शेवटची गाठ मारायची नाही. आजवर नेम मोडला नव्हता.

"तुझा झगा सायीच्या रंगाचा आहे, बाळ," त्या म्हणाल्या. "पांढरीशुभ्र जाळी घेतलीस तर झगा जुनाट दिसेल. गळ्याला एवढी नक्षी आहे, म्हणून जाळी साधी हवी. आणि पायघोळ तर नकोच, तू त्यात हरवून जाशील."

"कोपरापर्यंतची आहे?"

मावशींनी खालच्या खणातून आठवी काढली. सायीच्याच रंगाची, जरा जाडसर धाग्याची, बेताची. मुलीच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांचा हातच थबकला. झगा आणि जाळी एकाच हाताने विणल्यासारखी दिसत होती. काळ्यासावळ्या चेहऱ्याला काय उजाळा आला होता!

"बघ तरी आरशात!"

मुलीने पाहिलं नाही. डावं कोपर वाकवलं, जाळीची कड तिथे टेकते का ते चाचपलं आणि म्हणाली, "हीच."

मग पर्समधून तिने कागदाचा चिटोरा काढला. त्यावर सहा ठिपके होते. तीन इकडे, तीन तिकडे, सगळे वेडेवाकडे.

"इथे, कोपरापाशी, सहा बारीक मोती लावाल? अगदी असेच."

"अगं, सांडल्यासारखे दिसतील. एका ओळीत लावते ना."

"नको! एकही हलवू नका, मावशी. पाया पडते."

"पोरीचं डोकं ठिकाणावर नाही," आत्या म्हणाली.

मावशींनी आत्याकडे पाहिलं. "ताई, बाहेरच्या कपाटात वरमाईसाठी पिना आल्यात. बघून तरी घ्या."

"मी कुठली वरमाई?" म्हणत आत्या उठलीच.

मुलीला स्टुलावर बसवून मावशी तिच्या कोपरापाशी खाली बसल्या. एकेक मोती ओवताना त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "नवरा मुलगा कसा आहे गं?"

"हट्टी. रोज एकच विचारतो, मनापासून करते आहेस ना? तोंडाने काहीही सांगा, त्याला खरं वाटत नाही. आज उत्तर द्यायचंय."

"काय सांगणार आहेस?"

"आधी मोती होऊ देत."

सहावा मोती बसला. मावशींनी सुई काढून घेतली, पण दोरा तसाच लोंबता ठेवला. जन्मात कुणाच्या घरच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या.

"बाळ, माझ्या मागच्या खोलीचं दार गल्लीत उघडतं. कडी काढून ठेवली आहे मी. तुला जायचं असेल तर जा. आत्याला काय सांगायचं ते मी बघेन."

मुलीने मावशींचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले. काही बोलणार, तोच पुढच्या दाराची घंटा वाजली.

"तो आला!" ती दचकून उठली. "मावशी, झाले ना मोती? निघणार नाहीत ना?"

उत्तराची वाट न पाहता, जाळी डोक्यावर तशीच ठेवून ती पुढच्या दालनाकडे धावली. मावशी कात्री हातात घेऊन मागोमाग निघाल्या. आज त्या काही झालं तरी गप्प बसणार नव्हत्या.

"सांभाळून हो, जावईबापू, पायरी आहे," आत्या म्हणत होती. तिच्या आवाजात कधी नव्हे ती माया होती.

दारातल्या उंच तरुणाने पांढऱ्या काठीने पायरी शोधली आणि तो आत आला. मुलीने त्याचा हात धरून आपल्या कोपरावर ठेवला. तो हात तिथे रोजच्यासारखा विसावला, आणि दचकला. ब्रेलच्या ठिपक्यांवरून न्यावं तसं त्याने एक बोट सहा मोत्यांवरून सावकाश नेलं. पहिल्या तिनांवरून, मग दुसऱ्या तिनांवरून. पुन्हा एकदा नेलं. मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसत होती.

मावशींनी कात्री पदराआड केली, खाली वाकून तो लोंबता दोरा हातात घेतला आणि शेवटची गाठ मारली, तेव्हा तो मोठ्याने वाचत होता, "हो."