खरवडलेला चेहरा

माझ्या रोमन नाण्यांच्या ट्रेमध्ये एका सम्राटाला एकच खण. त्याचं जास्त चांगलं नाणं हाती लागलं की आधीचं देऊन टाकायचं. आम्ही संग्राहक याला अपग्रेड म्हणतो.

शनिवारी मी माझं सगळ्यात देखणं ब्राँझचं नाणं जुन्या नाण्यांच्या दुकानदाराला देऊन टाकलं. त्यावर सम्राटाच्या दाढीचे केस मोजता येत होते. बदल्यात त्याच सम्राटाचं, भंगाराच्या डब्यातलं नाणं उचललं.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? याचं थोबाड कुणीतरी छिन्नीनं फोडलंय!"

"म्हणूनच हवंय. तेव्हाही कुणालातरी तो सहन झाला नव्हता."

"आणि याला अपग्रेड म्हणायचं?"

"मी म्हणते."

आमच्या कारखान्यात पॅकिंगला दहा तास उभं राहावं लागतं. मागच्या महिन्यात तिघींनी बसायला स्टुलं मागितली, तर मालकांनी त्यांना घरीच बसवलं. वॉचमनसकट उरलेल्या सगळ्यांच्या ओळखपत्रांवर स्वतःचा हसरा फोटो छापला आणि ते दिवसभर गळ्यात घालायची सक्ती केली.

सोमवारी गेटवर वॉचमनकाकांनी माझं ओळखपत्र हातात घेतलं. मालकांच्या चेहऱ्याच्या जागी नुसते आडवेउभे ओरखडे होते.

"हे काय केलंस गं?"

"अपग्रेड. नाणी साफ करायच्या सुईनं."

 

काकांनी एकदा ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं, स्वतःच्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि म्हणाले, "सुई आणलीयस का?"