बारा तारखेची हजेरी

"ह्या नव्या मस्टरमधी सगळी नावं उतरव. समाधानच्या नावापुढं बारा तारखंला गैरहजर लाव. फॅक्टरी इन्स्पेक्टर आज तीनला येणार हायेत."

हेडक्लार्क आप्पासाहेब एवढंच बोलले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. मेघनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बारामती एमआयडीसीतल्या या कारखान्यात मेघना पाच महिन्यांपासून हजेरी आणि पगारपत्रकाचं काम शिकत होती. वरकुट्याहून पहाटेची एसटी धरून यायची. तिच्या घरात ऑफिसात बसणारी ती पहिलीच. आप्पासाहेबांनी तिला सगळं शिकवलं होतं. रजा कशी मांडायची, ओव्हरटाइम कसा काढायचा, फंड कसा कापायचा. चूक झाली की ते ओरडत नसत, नुसते कागद परत सरकवत. त्याचीच तिला जास्त भीती वाटे.

बारा मार्चला, मंगळवारी, सांगवीच्या समाधानची चार बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. उजव्या हाताची. तो तात्पुरता कामगार होता. त्या दिवशी तो कामावरच नव्हता, मित्राला भेटायला आत शिरला होता, असं आता मॅनेजर साहेबांना इन्स्पेक्टरपुढं दाखवायचं होतं. म्हणजे भरपाईचा प्रश्नच उरत नव्हता. पण त्या सकाळी गेटवर हजेरी मेघनानंच घेतली होती. समाधान तिला नमस्कार करून आत गेला होता, आणि जुन्या मस्टरमध्ये तिनं त्याला 'हजर' लावलं होतं.

तिनं लिहायला घेतलं. बेचाळीस नावं होती. पहिली वीस भराभर झाली. मग मॅनेजर साहेब येऊन तिच्या मागे उभे राहिले. तिचं कायम करण्याचं पत्र टाइप होऊन सहीला आलंय, असं त्यांनी सहज सांगितलं आणि गेले. मेघनाच्या तळहाताला घाम सुटला. शाई फिसकटली. तिनं हात ओढणीला पुसला.

एकतिसावं नाव समाधानचं. एक ते अकरा तारखा तिनं भरल्या. बाराच्या चौकटीशी हात थांबला.

घड्याळात अडीच वाजले होते. नाही लिहिलं तर उद्यापासून घरी. वडिलांनी भावकीत सांगून टाकलं होतं, पोरगी कारखान्यात लागली म्हणून. लिहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. समाधान दवाखान्यात पडून होता. त्याला तर सहीसुद्धा करता येणार नव्हती.

तिनं चौकटीत 'हजर' लिहिलं. पुढची अकरा नावंही पुरी केली. मग दोन्ही मस्टरं छातीशी धरून ती आप्पासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. जुनं आणि नवं, दोन्हींत आता एका अक्षराचाही फरक नव्हता.

आप्पासाहेबांनी पान उलटलं. समाधानच्या नावावर बोट टेकवून ते ओढत बारा तारखेच्या चौकटीपर्यंत आणलं.

"त्यो हजर हुता," मेघना म्हणाली. गावची बोली तोंडून निसटली, ते तिलाही कळलं नाही. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. मला न्हाय लिहवत."

आता ते कागद परत सरकवतील, असं तिला वाटलं. पण आप्पासाहेब उठले. नवं मस्टर त्यांनी कपाटात टाकलं, कपाटाला कुलूप लावलं आणि जुनं घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तेवढ्यात गेटातून जीप आत आली. इन्स्पेक्टर केबिनमध्ये शिरले आणि दार लागलं. मेघना खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. आतून एकदा मॅनेजर साहेबांचा चढलेला आवाज आला. मग काहीच ऐकू येईना.

साडेचारला जीप गेली. आप्पासाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बारा तारखेची हजेरी इन्स्पेक्टरांनी उतरवून नेली होती, खाली सही आप्पासाहेबांची होती. समाधानची केस उभी राहणार होती. मेघनाचं पत्र थांबलं होतं, आणि आप्पासाहेबांना सोमवारपासून स्टोअरला बसायला सांगितलं होतं.

ते खुर्चीत बसले. तिनं आणून दिलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं.

मेघनाला राहवलं नाही. तिनं विचारलं, "आप्पासाहेब, तुम्हाला हे करायचंच नव्हतं, तर मला कशाला लिहायला दिलंत?"

"साहेबांनी मलाच सांगितलं हुतं," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या हाती ठेवलं असतं तर म्या लिहिलं असतं, पोरी. नऊ वर्षांमागं एकदा असंच एकाला गैरहजर लिहिलंय."