एकटीसाठी घर

दवाखान्यातली ड्यूटी संपवून तीन घरं पालथी घातल्यावर नर्सचे पाय भरून आले होते. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलं होतं. आता कसलाच खल करायचं त्राण नव्हतं.

"हेच घ्या, ताई. पलंग, कपाट, शेगडी, सगळं आयतं," एजंट म्हणाला. "रिकामं घर घेऊन एकट्या जिवाने सामान कुठे जमवत बसायचं?"

ती हो म्हणणार, तोच सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नको. रिकामंच बघू. इथे पलंग एकट्यापुरताच आहे."

"आई, मी एकटीच तर राहणार आहे."

सासूबाई भिंतीला टेकल्या. "मुलगा माझा असला, तरी तू होतीस म्हणून निभावलं. तुझ्या माघारी त्याच्या घरात राहायचं बळ माझ्यात नाही गं."