नऊ झेंडे, एक दार

"चाचे दार कापतायत!" मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कोंडून घेतलेल्या बावीस खलाशांपैकी एकजण रेडिओवर ओरडत होता.

"कमांडो कोण पाठवतंय?" नऊ देशांच्या ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल खानविलकर यांनी बाकीच्या आठ देशांच्या प्रतिनिधींना विचारलं.

"राजधानीला विचारावं लागेल, सर."

"राजधानीला, सर."

"राजधानी."

असं आठ वेळा.

"काल जेवणाच्या टेबलावर कुणाचा झेंडा कुठे, यावर दोन तास भांडलात. तेव्हा नाही विचारलंत राजधानीला? बुजगावणी आहात नुसती!"

ते आपल्या भारतीय सहायकाकडे वळले. "आपले कमांडो पाठव. आत्ता."

"सर... मुख्यालयाची परवानगी?"

रेडिओवर आता करवतीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

खानविलकरांनी आठ जणांकडे पाठ केली आणि मुख्यालयाला फोन लावला.