गुडघा आणि जबडा

“एकच सांगायचं,” चपलेत पाय घालता घालता तिनं बाबांना बजावलं. “डॉक्टरांपुढे गाठोडं सोडून बसायचं नाही. कुठं दुखतं, कधीपासून, काय केल्यावर. बास.”

बाबा खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावत होते. आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. ते म्हणाले, “माझ्याकडे गिऱ्हाईक मशीन आणून ठेवायचं आणि म्हणायचं, आवाज येतोय. कुठून येतोय ते मी शोधायचो.”

“म्हणून तुमचं दुकान रात्रीपर्यंत उघडं असायचं.”

बाबा हसले. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. इस्पितळाच्या नोंदी विभागात तिचं कामच ते होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला क्रमांक द्यायचा. नुसतं ‘दुखतं’ असं लिहिलेला कागद विमा कंपनीकडून परत यायचा. त्यामुळे ‘अंग दुखतंय’ हे शब्द तिला दाताखाली खडा आल्यासारखे वाटायचे, मग ते कुणीही म्हणो.

“उजवा गुडघा,” बाबांनी धडा म्हणायला सुरुवात केली. “दोन महिन्यांपासून. जिना चढताना.” मग गालावरून हात फिरवत म्हणाले, “जबडाही ठणकतो गं. चढतानाच.”

तिला हसू आलं. “गुडघ्याचा आणि जबड्याचा काय संबंध, बाबा? डॉक्टर म्हणतील, म्हातारबुवांचं काही खरं नाही. जबड्याचं दातांच्या डॉक्टरांकडे. पुढच्या आठवड्यात नेते.”

“बरं. तुझ्याकडे एका खणात एकच वस्तू.”

“पुन्हा म्हणा.”

“उजवा गुडघा. दोन महिन्यांपासून. जिना चढताना.”

“शाब्बास,” म्हणून ती कामावर निघाली; डॉक्टरांकडे बाबा एकटेच जाणार होते.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा गुडघ्याला पट्टा बांधून स्वयंपाकघर ते दार अशा फेऱ्या मारत होते. डॉक्टर खूश झाले म्हणे. इतकं नेमकं बोलणारा पेशंट पाहिला नाही म्हणाले. कुणी शिकवलं असं विचारलं, तेव्हा बाबांनी छाती फुगवून मुलीचं नाव सांगितलं होतं. जेवताना त्यांनी ही हकिकत पुन्हा सांगितली, आणि भांडी आवरताना आणखी एकदा.

पहाटे त्यांनी पाणी मागितलं. प्याला तोंडाशी नेण्याआधीच त्यांना दरदरून घाम फुटला. तिनं रिक्षा बोलावली, आपल्याच इस्पितळात नेलं. ती खिडकीपाशी कागद भरत होती तेवढ्या वेळात आत डॉक्टरांनी बाबांना काय काय विचारलं. कागद भरून ती आत गेली तेव्हा पडदा ओढलेला होता.

भेटायला आलेली माणसं एकच गोष्ट म्हणत राहिली. भाग्यवान हो तुमचे वडील. दुखलं नाही, खुपलं नाही, चालते बोलते गेले. धाकट्या काकांनी तर दारात येईल त्याला हेच ऐकवलं. तिनं प्रत्येक वेळी मान हलवली. चहाचे कप उचलले, धुतले, पालथे घातले.

मग ती कामावर आली. आपल्या माणसाची फाइल आपण हाताळायची नाही, असा त्यांच्या विभागाचा नियम. म्हणून बाबांची फाइल शेजारच्या टेबलावर गेली, चिमणीकडे. नाव वेगळं होतं, पण वाचताना ओठातल्या ओठात सारखी पुटपुटते म्हणून सगळा विभाग तिला चिमणी म्हणायचा. त्या दिवशी चिमणीनं फाइल उघडण्याआधी तिच्याकडे एकदा पाहिलं, तोंड घट्ट मिटलं आणि पानं उलटू लागली.

पण सवय ती सवय. दोन पानांतच ओठ हलायला लागले.

“...हृदयविकाराचा तीव्र झटका. छातीत दुखणं. घाम.” चिमणीचं बोट ओळीवरून सरकत होतं. “जबड्यात दुखणं... दोन महिन्यांपासून... जिना चढताना...”

ऐकता ऐकता तिच्या हातातलं पेन थांबलं.

तोच क्रम होता. कुठं, कधीपासून, काय केल्यावर. पडद्याआड, घाम पुसत, बाबांनी धडा बरोबर म्हणून दाखवला होता. फक्त गुडघ्याच्या जागी जबडा घातला होता.

चिमणी पुढे पुटपुटली, “कारण सापडलंय, म्हणजे दुखण्याला वेगळा क्रमांक द्यायचा नाही.” तिनं झटक्याचा क्रमांक टाकला आणि पान उलटलं. मग एकदम भान येऊन तिनं वर पाहिलं. चेहरा पार उतरला तिचा.

“ताई, मोठ्यानं वाचलं का मी?”

“असू दे.”

“दुखणं सोडलं मी. छातीचं आणि जबड्याचं, दोन्ही. झटक्यातच आलं ना ते?” ती चाचरली. “तुम्हीच शिकवलंत.”

“बरोबर आहे.”

चिमणीला हायसं वाटलं. तिनं फाइल मिटली, झालेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि उगाच कडा सारख्या केल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती हळू आवाजात म्हणाली, तुमचे धाकटे काका सांगत होते परवा, फार त्रास झाला नाही म्हणून. दुखलं खुपलं नाही. तेवढंच बरं.

ती मान हलवणार होती. हललीही थोडी.

“दुखत होतं त्यांना,” ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. पलीकडच्या टेबलांवरची डोकी वर झाली. “मला सांगितलं होतं त्यांनी.”