बंगल्यावरची बोलणी

“मग रोज तासभर बंगल्यावर करतासा काय, दादा?” ज्ञानूनं विचारलं.

“बसतो,” नृसिंहदादा म्हणाले. “सायेब बोलवतात, म्हणून जातो. बोलणं काय होत न्हाय.”

तालमीत जमलेले फौंड्रीचे कामगार हसले. त्या हसण्यात गंमत नव्हती. संप तिसऱ्या आठवड्यात गेला होता, घरातले डबे रिकामे होत चालले होते आणि संपाचा पुढारी रोज मालकसाहेबांच्या बंगल्यावर नुसता बसून येत होता म्हणे. हे कुणाच्या गळी उतरणार?

ज्ञानूच्या तर अजिबात नाही. त्याला भट्टीवर कामाला लावलं ते दादांनीच. आधी दुसऱ्याचं ताट वाढणारा आणि लाठी पडायच्या वेळी पुढं उभा राहणारा माणूस म्हणजे पुढारी, हे त्यानं दादांकडं बघूनच ठरवलेलं. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

“मग माती हातात घ्या,” जोतीराम म्हणाला. दादांच्या खालोखाल संपात त्याचाच आवाज. “‘मी विकलो गेलो न्हाय’ म्हणा. विषय मिटला.”

आखाड्याची तांबडी माती हातात घेऊन पेठेत कुणी खोटं बोलत नसे. ज्ञानूनं मूठभर माती पुढं केली. मनातून त्याला वाटत होतं, घ्यावी दादांनी आणि सुटावं एकदाचं.

दादांनी हात मागं घेतला.

“पुढाऱ्याला शपथ घालायची पाळी आली, म्हंजे त्याचं पुढारपण संपलं की. दुसरा बघा.”

झालं. काही लपवायचं असेल तोच मातीला भितो, असं सगळ्यांनी धरलं. दादा चपला घालून चालू लागले. कुणी थांबवलं नाही. ज्ञानूला रागही आला आणि रडूही. दादांपुढं माती धरायची धमक त्यानंच दाखवली, म्हणून त्याच बैठकीत सगळ्यांनी त्याला पुढारी केलं.

दुसऱ्याच दिवशी बंगल्यावरून बोलावणं आलं. ज्ञानू सगळ्यांना सांगून निघाला. “लपवाछपवी आपल्याला जमत न्हाय. आल्यावर शब्द न् शब्द सांगतो.”

साहेबांनी त्याला व्हरांड्यात, बावड्याच्या रस्त्याकडं तोंड करून बसवलं. चहा आला, बिस्किटं आली. साहेब शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले. कुंपणापलीकडून कामगारांच्या सायकली जात होत्या. इथवर आल्या की हळू होत होत्या.

“सायेब, बोलणी सुरू करायची न्हवं?” ज्ञानूनं शेवटी विचारलं.

“कसली बोलणी?” साहेबांनी पान उलटलं. “नृसिंहाशीही मी कधी बोललो नाही. तासभर बसा आणि जा. उद्याही या. नाही आलात, तर बोलणी तुम्हीच मोडलीत असं गेटवर लिहून लावतो.”

रस्त्यावर जोतीराम सायकलवरून उतरला होता आणि इकडंच बघत होता.